हलव्याचा शेवटचा साज

मंगल, तुझी खोली धुतली. बादल्या ओतून धुतली. हे तुला आधी सांगायला हवं, कारण बाकीचं सगळं त्यानंतरचं आहे.

तुला घेऊन आम्ही ओढ्याकडे गेलो, तेव्हा घरी बायका थांबल्या होत्या. मागे राहिलेल्या बायका जे करतात ते त्यांनी केलं. घर झाडलं, फरशीवर पाणी ओतलं, खराट्याने ते अंगणात लोटलं. तू गेलीस ती त्या खोलीत, शेगडीपाशी, पाटावर बसल्याबसल्या. म्हणून ती खोली त्यांनी सगळ्यांत जास्त धुतली. शेजारच्या शोभावहिनींनी स्वतः धुतली. आम्ही परत आलो तेव्हा त्या उंबऱ्यात बसून रडत होत्या आणि मला सांगत होत्या, "तिची जागा म्या दुसऱ्या कुनाला धुऊ दिली न्हाई, भावजी. म्या माझ्या हातानं धुतली."

त्या खोलीत ओल्या पायाने पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. मी दूध घालून आलो की पाय पुसून, मग कोरड्या गोणपाटावर घासून, मगच दारात उभा राहायचो. आत यायचं तर तू आधी माझ्या पायांकडे बघायचीस, मग तोंडाकडे. स्वयंपाकघराची भिंत लागून नको, वाफ येते, म्हणून तू घरातल्या दोन चांगल्या खोल्या सोडून पश्चिमेची पडवी घेतलीस. नऊ फूट बाय अकरा फूट. मीच विटा लावून बंद करून दिली होती. दुपारनंतर भिंत तापायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ती ऊब धरून ठेवायची, म्हणून तुला ती हवी होती. अशा खोलीत त्या दिवशी घोट्याएवढं पाणी होतं.

परातीत हलवा होता. तिळाच्या दाण्यांवर तू थेंबथेंब पाक सोडत आणला होतास, काटा नुकता फुटला होता. ते दाणे तुझ्या भाचीच्या, ऋतुजाच्या, हलव्याच्या मंगळसूत्राचे होते. परात कुणीतरी उचलून पाटावर ठेवली होती, तिच्यावर पाणी पडलं नव्हतं. पण ओल्या फरशीच्या खोलीत पिठावर दिवा ठेवून, वर पाटी झाकून, बायकांनी दार लावून घेतलं. सकाळी पिठात पाऊल उमटलं का ते बघायला दार उघडलं. पिठाचाच गोळा झाला होता, पाऊल कुठलं उमटायला. मी पीठ बघितलं नाही. परात बघितली. सगळे दाणे एकमेकांना चिकटले होते. काटा बसला होता. बोट लावलं तर बोटाला पाक आला.

शोभावहिनींना मी अजून काही बोललेलो नाही. त्या रोज भाकरी पाठवतात. त्यांना माहीत झालंय, कारण त्या माझ्याकडे बघत नाहीत. परवा फडक्यात भाकरी देताना एवढंच म्हणाल्या, "मला काय ठावं, भावजी. जन्मात कवा आत गेले न्हवते मी." खरं आहे. तूच कधी जाऊ दिलं नव्हतंस. मला त्यांच्यावर रागावता येत नाही आणि न रागावता राहताही येत नाही. तू असतीस तर पाच मिनिटं तडातडा बोलली असतीस आणि सहाव्या मिनिटाला त्यांना चहा टाकला असतास. मला तसं येत नाही. माझं आत राहतं.

दहाव्यापर्यंत रोज कुणीतरी येत होतं. प्रत्येक बाई तेच म्हणत होती. भाग्याची गं बाई. अहेव गेली. हिरवं लेऊन गेली, मळवट भरून गेली, नवऱ्याच्या खांद्यावरून गेली. तुझ्या कपाळाचं कुंकू बायकांनी आपल्या कपाळाला लावून घेतलं. माझ्यासमोर. मला ओरडावंसं वाटत होतं, की बायांनो, हे कसलं भाग्य? पन्नाशीही न गाठता बाई पाटावरून कलंडली, हे भाग्य? आणि तिच्यामागे राहायचं हे माझं काय आहे मग, त्याला काय नाव आहे तुमच्यात? ओरडलो नाही. पाहुण्यांना पाणी दिलं.

आता वादाचं. आपला तो एकच वाद होता, बाकी भांडणं होती. भांडणं मिटायची. वाद राहिला.

भांडगावहून लग्न होऊन न्हावऱ्याला आलीस, तेव्हापासून तू हलवा करतेस. तुझ्या आईकडून तुझ्या हाताला आलेला. मार्गशीर्ष लागला की तुझी खोली सुरू व्हायची आणि संक्रांत झाली की बंद व्हायची. नव्या नवरींचे साज, जावयांचे हार, बाळांच्या बोरन्हाणाचे मुकुट, बाजूबंद, बासऱ्या. शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांत पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसून तुझा हलवा घातलेल्या पोरी आज आया झाल्या आहेत. आणि इतक्या वर्षांच्या कामातला एकही दाणा आपल्या घरात नाही. एकही नाही. मी कपाट उपसून बघितलं. सुताराच्या घरात त्याने केलेली एखादी खुर्ची तरी असते. कुंभाराच्या घरात डेरा असतो. तुझं काही नाही.

मी दरवर्षी म्हणायचो, एक साज ठेव. एकच. काचेच्या पेटीत, ओल शोषायला खाली चुना घालून ठेवू. तू म्हणायचीस, "अहो, खायाची वस्तू हाय ती. पोरांनी तोडून खाल्ली न्हाई तर तिचा सण झाला कसा म्हनायचा?"

"सगळे नको खाऊ देत. एक ठेव."

"मग तेवढ्या एका पोरीचा सण न्हाई झाला म्हना की."

"फोटोत काटा दिसत नाही, मंगल. फोटोत मोती दिसतात."

"मग फोटो नगा काढू."

ह्याच्यापुढे तू कधी गेली नाहीस. दाणे बसवायला डिंकसुद्धा वापरायची नाहीस. डिंक पोटात जायला नको म्हणून पाकानेच चिकटवायचीस. तीन पट वेळ लागायचा. मी सांगायचो, पुण्यात आता थर्माकोलचे मणी लावतात, दहा वर्षं टिकतात. तू हातातलं खाली न ठेवता म्हणायचीस, "धा वर्सांनी काय करत्यात मग त्याचं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडायचो तेवढ्यात पाकाला तार यायची, तू बोट वर करायचीस, आणि मी गप्प. पाकाला तार येत असताना बोलायचं नाही हा नियम होता. माझी निम्मी उत्तरं त्या बोटाखाली राहिली.

तू माझं काहीच ऐकायची नाहीस असंही नाही. ओलावा मोजायचं घड्याळ मी आणून भिंतीला लावलं तेव्हा हसली होतीस. पण कालव्याच्या पाटाला पाणी सुटलं, शेजारचा ऊस भिजला, धुकं उतरलं, की आतून हाक यायचीच, "अहो, किती दावतंय वो तुमचं घड्याळ?" मी आकडा सांगायचो. तो मोठा असला की तू खिडकीच्या फटीत चिंध्या बसवायचीस, आणि मी कोळसा आणून द्यायचो. संसार म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी ह्यापेक्षा जास्त काही सांगू शकणार नाही.

तर खोली धुतली, पण कपाट लोखंडी होतं. वरच्या खणात मोठा पत्र्याचा डबा होता, झाकणाला कापडाची पट्टी चिकटवलेली. त्यात ऋतुजाचा साज होता. तेरावं झाल्यावर मी उघडला. हार, तन्मणी, दोन बाजूबंद, चार बांगड्या, कंबरपट्टा, कानातली, बिंदी, नथ. मंगळसूत्र तेवढं नव्हतं. चुन्याची पुरचुंडी कोरडी होती. मी एक बांगडी उजेडात धरली. काटा असा उभा होता, मंगल, की बोटाला टोचला. तू गेल्यावर मी पहिल्यांदा त्या दिवशी रडलो. आधीचं रडणं लोकांत होतं, ते रडणं नव्हे.

तुझ्या हातचं जगात एवढंच राहिलं होतं.

विशालला फोनवर सांगितलं. तो चाकणला परत गेला होता, त्याची रजा संपली होती. तो म्हणाला, "पप्पा, पुण्यात एकजण रेझिनमध्ये ओतून देतो. लग्नातले हार वगैरे. काचेसारखं होतं. शंभर वर्षं काही होत नाही. आईचं राहील आपल्याकडे." मी विचारलं, "काटा दिसेल का?" म्हणाला, "सगळं दिसेल पप्पा. जसंच्या तसं."

पण साज ऋतुजाचा होता. तुझ्या भावाची पोरगी, तुझी लाडकी भाची, केडगावला दिलेली, तिची पहिली संक्रांत. तिला मी काय सांगणार होतो?

मला सांगावंच लागलं नाही. तिचाच फोन आला. आधी नुसती रडली. मग म्हणाली, "मामा, रागावू नगा. सासूबाई म्हनत्यात, आत्याचं आता नको. पयला सण हाय, गेलेल्या मान्साच्या हातचं नको म्हनत्यात. बाजारातला आनलाय दौंडवरनं." मी म्हणालो, "असू दे गं. त्यांचंही बरोबर आहे." आणि फोन ठेवला. मला बरं वाटलं, मंगल. तुझ्या हातचं नाकारलं म्हणून चीड यायला हवी होती. मला सुटल्यासारखं झालं. मी डब्याचं झाकण लावून पट्टी दाबून बसवली आणि विशालला कळवलं, पत्ता पाठव.

दोन दिवस गेले असतील. परत केडगावचा फोन. ह्या वेळी खणखणीत म्हातारा आवाज. ऋतुजाची आजेसासू.

"पाव्हणं, तुमची बायकू अहेव गेली न्हवं?"

"हो."

"मग? अहेवाच्या हातचं म्हंजी सोनं. आमची सून याडी हाय, तिला पालीचंबी भ्या वाटतं. म्या तिला इचारलं, तुझ्या बाजारातल्या मन्यांना कुनाचा हात लागलाय ठावं हाय का तुला? गप बसली. भोगीच्या आदी आनून द्या."

तोच शब्द. ज्या शब्दाने माझी दहा दिवस आग झाली, त्याच शब्दाने तुझा साज उजळ केला आणि माझ्या हातातून काढून घेतला. मी म्हणालो, "मंगळसूत्र झालेलं नाही, आजी. साज अपुरा आहे." म्हटलं, अपुरा नको म्हणतील. आजी म्हणाल्या, "तिच्या गळ्यात खरं हाय की. आना तुमी."

तरी मी एक करून बघितलं. मंगळसूत्राचे दाणे करून बघितले. हसू नकोस. पहाटे उठून शेगडी पेटवली, तुझ्या पाटावर बसलो, परात ठेवली, तीळ घातले, पाक केला. माझ्याकडे दुधाचा थर्मामीटर आहे, तोही लावला. वाटलं, दाणे झाले तर साज पुरा होईल. किंवा खरं सांगतो, वाटलं की मला येतं म्हटल्यावर तू पूर्ण गेली नाहीस असं होईल. तीन पहाटा बसलो. पहिल्या दिवशी तीळ करपले. दुसऱ्या दिवशी पाक सगळा एकदम धरला. तिसऱ्या दिवशी दाणे गोल झाले, पांढरे झाले, आणि गुळगुळीत राहिले. काटा आला नाही. बोटं भाजली, त्यांचं काही नाही. पण तो काटा कुठून यायचा ते मी इतकी वर्षं दारात उभा राहून बघत होतो आणि मी नेमकं काय बघत होतो, ते मला कळेना. तुझे हात बघत होतो की तुझं तोंड?

ते गुळगुळीत दाणे शोभावहिनींच्या कोंबड्यांना घातले.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळचं दूध घातलं आणि निघालो. डबा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर तुझी शाल बांधून, मोटरसायकलच्या टाकीवर माझ्यापुढे. पारगावच्या पुलावर नदीचं धुकं एवढं होतं की समोरचा ट्रॅक्टर दिसेना. मी पुलाआधी थांबलो. ऊन वर येईपर्यंत रस्त्याच्या कडेला थांबलो, डबा जॅकेटच्या आत धरून. ऊस वाहणारा एकजण ओरडला, "काय वो, लेकरू हाय काय?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच माहीत नाही.

केडगावात शिरलो आणि ऋतुजाच्या घराकडे वळायच्या ऐवजी स्टेशनात गेलो.

हे मी ठरवलं नव्हतं. विशालने पत्ता पाठवला होता, तो माणूस दुपारपर्यंत दुकानात होता. केडगावहून पुण्याची गाडी सरळ मिळते. मी तिकीट काढलं. बाकावर बसलो, डबा मांडीवर. शेजारी एक गृहस्थ, हुरड्याची कणसं घेऊन लेकीकडे निघालेले.

"काय हाय वो डब्यात? एवढं जपून धरलंय."

"हलव्याचे दागिने."

"अरे वा. कुनाची संक्रांत?"

"भाचीची."

"पुन्यात दिलीय व्हय?"

मी तिकीट खिशात घातलं. ते म्हणाले, "माझ्या थोरलीला केलं हुतं. न्हावऱ्याच्या एका बाईनं केलं हुतं. आमच्या नातवंडांनी कंबरपट्टा दारातच फस्त केला, मापटंभर हलवा हुता." आणि स्वतःशीच हसायला लागले. "थोरली रडाया लागली, फोटो राह्यला म्हून. आम्ही हसून हसून बेजार."

ती बाई माझी बायको, असं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला तिथे बसता आलं नसतं.

ऊन चांगलं पडलं होतं म्हणून, धुक्याने काही झालं का ते बघायला, मी डब्याचं झाकण थोडं उचललं. वरच बांगड्या होत्या. त्या बांगड्या बघितल्या आणि मला दिवाळी आठवली. ऋतुजा भाऊबीजेला आली होती, तू म्हणालीस, "अहो, पोरीचा हात मोजून द्या, तुमच्या मापानं." मी तिचा हात धरून, बोटं मिटून, पंजाच्या रुंद भागाचं माप घेतलं. ती म्हणाली, "मामा, मी जाड झालेय, लिहू नगा." आपण तिघंही हसलो होतो. माप मी सांगितलं, तू नुसतं ऐकलंस. मी आता दोन बोटं बांगडीत फाकवून तेच माप बघितलं. बरोबर तेवढीच होती. धाग्याचाही फरक नव्हता. जगात दुसऱ्या कुठल्याही हातात ती बसली नसती, किंवा बसली असती तर सैल, नाहीतर घट्ट.

गाडी आली. कणसंवाले उठले. "चला की." मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं." गाडी निघून गेली. मला कसलाही मोठेपणा वाटला नाही. मला फक्त एवढं कळत होतं की त्या माणसाच्या दुकानात काचेत ऋतुजाचा हात ओतला जाणार होता, तुझा नव्हे.

आजी दारातच बसल्या होत्या. ऋतुजाच्या सासूबाई मागे उभ्या होत्या, पदर तोंडाशी. त्या चांगल्या बाई आहेत, उगाच कुणी त्यांना नाव ठेवू नये. मला पाणी देताना म्हणाल्या, "पाव्हणं, माझ्या मनात वाईट न्हवतं. पोरीचा पयला सण, जीव भितो." मी म्हणालो, "माझाही भितो." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरले.

आजींनी डबा मांडीवर घेतला. एकेक नग बाहेर काढून त्याच्या काट्यावरून अंगठा फिरवला. डोळ्यांनी त्यांना कमी दिसतं. कंबरपट्टा झाला, हार झाला. मग म्हणाल्या, "हात हलका हुता बाईचा."

तेव्हा मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून विचारलं. "आजी, ह्यातलं एक कानातलं मी ठेवून घेतलं तर चालेल का?"

"आन् पोरीनं एका कानानं मिरवायचं व्हय?"

आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मीही हसल्यासारखं केलं. आजी हसल्या नाहीत. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि डबा ऋतुजाकडे सरकवला. "जा, आत ठिव. फडताळात नको, भिंत वली हाय."

मी चहा घेतला आणि निघालो. दुखवट्याच्या वर्षातला माणूस, त्यांच्या सणात मी थांबायचा प्रश्न नव्हता.

संक्रांतीला आपल्या घरी काही नव्हतं. शोभावहिनींनी तीळ आणले नाहीत. गल्लीतल्या पोरी नव्या साड्या नेसून वाणाची ताटं घेऊन आपल्या दारावरून गेल्या आणि दारापाशी आल्यावर बोलायच्या थांबल्या. मी तुझ्या खोलीत बसलो होतो. खोली आता कोरडी झाली आहे. मी रोज दुपारी दार-खिडकी उघडून वाळवली. तुझ्या काळ्या कापडाच्या घड्या घातल्या. सुया गंजल्या होत्या, त्या राखेने घासल्या. शेगडीतली राख काढली नाही. हे सगळं कशासाठी करतोय असं मनात आलं की उठून दुसरं काहीतरी करायचो. माणूस वेडा होतो तेव्हा असाच होत असेल, नीटनेटकं काम करत करत.

संध्याकाळी ऋतुजाचे फोटो आले. काळी साडी, सगळा साज अंगावर, गळ्यात खरं मंगळसूत्र. पोरगी सुरेख दिसत होती. मी फोटो मोठा करून करून तिच्या तोंडापलीकडे गेलो, बाजूबंदावर गेलो, आणखी मोठा केला, तर नुसते पांढरे ठिपके झाले.

मग तिचा फोन आला. मागे पोरांचा दंगा चालला होता.

"मामा, सगळं लुटलं. कंबरपट्टा दोघांनी दोन्हीकडनं वढला. आजीनंबी खाल्लं, तिला दात न्हाईत तर चघळत बसलीय." मग तिचा आवाज उतरला. "मामा, एक बांगडी म्या काढून ठिवलीय. तुमच्यासाठी. कुनाला हात लावू दिला न्हाई. आजीनंच सांगितलं, ठिव म्हून."

मी शेगडीपाशी खालीच बसलो.

मंगल, एक बांगडी. एका पेटीत मावली असती. तू म्हणायचीस, तेवढ्या एका पोरीचा सण झाला नाही म्हणा की. इथे सण झाला होता, पोरांनी खाल्लं होतं, आजीने चघळलं होतं, आणि तरी एक बांगडी उरली होती. वादाचा निकाल माझ्या बाजूने लागला होता. हे तुला सांगायला मी तोंड वळवलं, आणि पाट रिकामा.

मी ऋतुजाला म्हणालो, "तूच खा ती. तिने तुझ्यासाठी केली होती."

का म्हणालो ते मला माहीत नाही. तुझं बोलणं माझ्या तोंडात आलं. फोन ठेवला आणि लगेच जीव असा कासावीस झाला की परत लावला. उचलला नाही. परत लावला. एंगेज. परत लावला. खोलीतल्या खोलीत मी फेऱ्या मारत होतो, देवाचं नाव घेत होतो, एका साखरेच्या बांगडीसाठी. शेवटी तिने उचलला.

"ऋतुजा, थांब, खाऊ नको, ठेव ती."

ती हळूच म्हणाली, "मामा, खाल्ली की. तुमी म्हनला म्हून. अर्धी म्या, अर्धी ह्यांनी."

मी विचारलं, "ओल लागली नव्हती ना?"

"न्हाई वो. कडक हुती. दाताखाली वाजत हुती."

ती घाबरली असावी. म्हणाली, "मामा? मामा, आतली पट्टी हाय अजून. पुट्ट्याची, जिच्यावर दानं लावलं हुतं. तिच्यावर आत्याची बोटं उमटल्यात पाकाची. टाकू का?"

टाकू नको म्हणालो. कागदात गुंडाळ, कोरड्या जागी ठेव, भिंतीपासून लांब. आजींना सांग, मी येतोय. उद्या सकाळचं दूध झालं की निघतो.